तुमच्या गाईचं नाव काय?

कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण सिद्धारामनं जन्मभर ऐकली होती. पण ती आपल्याला लागू पडते तेव्हा नेमकं कुठं झोंबतं, हे त्याला सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. बरगडीखाली, डाव्या अंगाला. बायको म्हणाली, पित्त झालंय, चहा कमी करा. पित्त कसलं डोंबलाचं! त्या पित्ताचं नाव मनाली होतं आणि ते त्याच्यापासून दोन टेबलं सोडून बसायचं.

मनाली कुर्डुवाडीची. वडील रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. पोरगी पुण्यात तीन वर्षं मोठ्या कंपनीत घासून आली आणि आईच्या गुडघ्यांमुळं पुन्हा जिल्ह्यात आली. बाळासोनं तिला जूनमध्ये कामावर घेतलं. बाळासो म्हणजे ऑफिसचा मालक. जुळे सोलापूर भागात औषधांच्या दुकानावर तीन खोल्या, आठ माणसं, एवढंच ते ऑफिस. पण एकेकाळी त्यात दोनच माणसं होती, बाळासो आणि सिद्धाराम. कॉलेजातले दोस्त. साखर पेठेतल्या एका खोलीत दोन जुने कॉम्प्युटर मांडून त्यांनी हा उद्योग उभा केला. तेव्हापासून रोज दुपारी एकच्या ठोक्याला बाळासो हात न धुताच सिद्धारामच्या डब्यातली शेंगाची चटणी बोटावर घ्यायचा आणि म्हणायचा, "वहिनीच्या हाताला तोड न्हाय गड्या."

जुलैपासून बाळासो जेवायला मनालीच्या टेबलाशी बसायला लागला. "कामाचं बोलायचंय रे जरा," असं म्हणून डबा उचलून गेला तो गेलाच. संध्याकाळी डबा उघडला की बायको, महानंदा, विचारायची, "चटणी का उरली हो? तिखट झाली का?"

"चटणी न्हाई झाली तिखट," सिद्धाराम म्हणायचा आणि चपला काढून आत जायचा.

तरी डब्याचं एक वेळ सोडा. खरं दुखणं फोनचं होतं. ऑफिसात एक मदतीचा फोन होता, खेड्यापाड्यातले लोक त्यावर अडचणी सांगायचे. आठ वर्षं त्या फोनवर एकच हाक यायची, "अण्णा हायत का?" अण्णा म्हणजे सिद्धाराम. ऑगस्टमध्ये एका सकाळी त्यानं फोन उचलला, "बोला, अण्णा बोलतोय," म्हणाला, तर पलीकडचा बुवा काय म्हणतो? "तुमी न्हाय वो, ती नवी ताई द्या. ताईला लई बेस कळतं."

सिद्धारामनं फोन ताईला दिला. वर हसूनही दाखवलं. आत काय पेटलं ते त्याचं त्यालाच माहीत.

आता हे काम काय होतं ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढं डोक्यावरून जाईल. एका दूध संस्थेनं जिल्ह्यात जनावरांचे फिरते दवाखाने चालवले होते. प्रत्येक तालुक्याला एक गाडी, गाडीत डॉक्टर. कुणाची गाय-म्हैस आजारी पडली की शेतकऱ्यानं मोबाइलवर नोंद करायची, नोंद ड्रायव्हरच्या फोनवर जायची आणि गाडी त्या शेतकऱ्याच्या वस्तीवर हजर व्हायची. नोंद करायचं पान बाळासोच्या ऑफिसानं बनवलेलं, म्हणजे सिद्धारामनं.

अडचण एवढीच की गोठ्यात हिंडणाऱ्या माणसांकडं फोन असतात बटणांचे. जुने, खिशातून शेणात पडले तरी चालणारे. त्यांवर इंटरनेट उघडतं, पण कसंबसं. आपल्या मोठ्या फोनला एखादी वेबसाइट ओळखीची चिठ्ठी देऊन ठेवते. पुढच्या पानावर गेलं की फोन ती चिठ्ठी दाखवतो आणि वेबसाइट म्हणते, हां, हा तोच मघाचा माणूस. त्या चिठ्ठीला कुकी म्हणतात. बटणांच्या त्या फोनांना कुकी ठेवता येत नाही. चिठ्ठी ठेवायला खिसाच नाही! त्यामुळं दर पानाला वेबसाइट नव्यानं विचारणार, तू कोण बाबा? नाव सांगा, गाव सांगा, पुन्हा पुढचं पान, पुन्हा नाव सांगा. इकडं गाय आडवी पडलीय आणि हा गडी सातव्यांदा आपलं नाव टाइप करतोय.

सिद्धारामनं तोड काढली ती अशी. प्रत्येक शेतकऱ्याला एक मेसेज जायचा, त्यात एक लिंक. त्या लिंकच्या शेपटाला एक लांबलचक नंबर बांधलेला. तो नंबर म्हणजेच ओळख. लिंक दाबली की वेबसाइटला कळायचं, हा अमका अमका. पानं बदलली तरी नंबर शेपटाला लोंबतच राहायचा. यात काही त्याची एकट्याची अक्कल नव्हती, जगात पुष्कळांनी हे केलंय. त्याची स्वतःची अक्कल होती ती पुढच्या पायरीत.

झालं असं होतं की पहिल्याच महिन्यात तो खेड्यात जाऊन बसला होता. मोहोळ, करमाळा, माळशिरस, दिवसभर गोठ्यातच. तिथं त्यानं डोळ्यांनी पाहिलं, एका बाईनं आपला मेसेज सरळ शेजारणीला पाठवून दिला. का? "माजा चालतुया की, मग तिला बी चालंल." विरजण द्यावं तसा दिला. आता लिंक जिच्या नावाची, नोंद तिच्याच नावानं होणार. शेजारणीची म्हैस आजारी आणि गाडी येणार हिच्या दारात. सिद्धारामनं आधी चार आकडी गुप्त नंबर दिला, तर लोकांनी तो गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवला. मग एके दिवशी बांधावर बसल्या बसल्या त्याला सुचलं. लिंक दाबली की आधी एकच प्रश्न विचारायचा, 'तुमच्या गाईचं नाव काय?'

बघा तर खरं, किती साधं! स्वतःच्या गाईचं नाव कोण विसरेल? आणि मेसेज दुसऱ्याच्या हातात गेला, तर तो दुसरा माणूस आपल्याच गाईचं नाव टाकणार, ते जुळणार नाही, आणि पान म्हणणार, मदतीच्या नंबरला फोन करा. आठ वर्षांत एकही गाडी चुकीच्या दारात गेली नव्हती. ऑफिसातली पोरं हसायची, "अण्णांची गाय" म्हणायची. हसू देत. सिद्धारामला त्या पायरीचा जेवढा अभिमान होता तेवढा स्वतःच्या घराचाही नव्हता.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मनाली त्याच्या टेबलाशी आली. हातात वही. ती सगळं वहीत लिहायची, याचाही त्याला राग यायचा.

"सर, एक विचारू? हे गाईच्या नावाचं पान आहे ना, इथून शंभरातले चाळीस लोक परत जातात. रेंज नसते, एक जादा पान उघडायला दोन-दोन मिनिटं लागतात. ही पायरी नेमकी कशासाठी ठेवलीय?"

प्रश्न सरळ होता. विचारणारीही सरळ होती. त्याच दिवशी सकाळी बाळासो सगळ्यांसमोर म्हणाला होता, दिवाळीनंतर धाराशिव जिल्ह्याचंही काम मिळतंय, त्याचा प्रमुख कोण ते लवकरच ठरवू. हे म्हणताना त्याची नजर सिद्धारामवरून घसरून कुठं गेली होती, ते सिद्धारामनं पाहिलं होतं. बरगडीखाली पुन्हा तेच झोंबलं.

"कशासाठी म्हणजे? हौस," सिद्धाराम म्हणाला.

"म्हणजे तांत्रिक कारण काही नाही?"

"नाही गं. तेव्हा गंमत वाटली, घातली. काढून टाक बिनधास्त."

"नक्की ना, सर?"

"मीच लिहिलंय ते. मला माहीत नसणार का?"

मनालीनं वहीत काहीतरी लिहिलं आणि "थँक्यू सर" म्हणून गेली. त्याच्या तोंडून खोटं इतकं सहज निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. तसा तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. गड्ड्याच्या जत्रेत पाळणेवाल्यानं जास्तीची फेरी फुकट दिली तर खाली उतरून सांगणाऱ्यातला.

पायरी गेली. मनालीनं आणखीही कामं केली, पानं हलकी केली, अक्षरं मोठी केली, एकदा आलेला मेसेज वर्षभर चालेल असं केलं. लिंक दाबली की वर नाव, 'नमस्कार' आणि खाली थेट 'गाडी बोलवा'. नोंदी दुपटीनं वाढल्या. ड्रायव्हर खूश, डॉक्टर खूश. दूध संस्थेच्या साहेबांनी पेढे पाठवले. बाळासोनं पहिला पेढा मनालीच्या हातावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आठ वर्षं आपण लोकांना गाईचं नाव विचारत बसलो राव!"

सगळे खो-खो हसले. सिद्धारामही हसला. पेढा त्यानं रुमालात बांधून नेला आणि महानंदाला दिला. ती म्हणाली, "कशाचा पेढा हो?"

"माझ्या तेराव्याचा," तो म्हणाला, आणि महानंदा "काय बाई अभद्र बोलणं!" म्हणून त्याच्यावर डाफरली.

मग तो वाट पाहू लागला. होय, वाट. उगाच लपवण्यात काय अर्थ आहे! रोज सकाळी आल्या आल्या तो नोंदींची यादी उघडून बसायचा. दुसऱ्याच आठवड्यात त्याला हवं ते दिसलं. एकच शेपटाचा नंबर सकाळी करमाळ्याकडून वापरला गेला होता आणि दुपारी माढ्याकडून. म्हणजे मेसेज फिरायला लागला होता. त्या दिवशी एक गाडी रिकामी हेलपाटा घालून आली, ड्रायव्हर कुरकुरला. मनालीला वाटलं, शेतकऱ्यानं चुकून बटण दाबलं असेल.

सांगायला तोंड उघडायचं फक्त. "मनाली, ती पायरी परत घाल, मेसेज फिरतायत." एक वाक्य. पण सिद्धाराम मूग गिळून बसला. त्याला काही फार वाईट व्हायला नको होतं हो. चार-पाच गाड्या रिकाम्या फिराव्यात, संस्थेच्या साहेबांचा चढा फोन यावा, बाळासोचं तोंड उतरावं, आणि मग त्यानं या टेबलाशी येऊन म्हणावं, "सिद्ध्या, तुझी गाय परत बसव बाबा." एवढंच. तो काही कुणाचं घोडं मारणार नव्हता. असं त्यानं स्वतःला रोज समजावलं.

गुरुवारी दुपारी साडेबाराला मदतीचा फोन वाजला. मनाली दुसऱ्या फोनवर होती, म्हणून सिद्धारामनं उचलला.

"हॅलो, गाईचा दवाखाना का?" बाईचा आवाज, म्हातारा, धाप लागलेला.

"बोला मावशी. कुठून बोलताय?"

"मोहोळपसनं. म्हंजे मोहोळच्या म्होरं, वस्तीवर ऱ्हाती मी. गोजरबाई नाव. आवं, गाडी अजून आली न्हाय वो! गाय फुगलीया माजी. दव पडल्याला लसूणघास खाल्लाय तिनं, प्वाट नगाऱ्यावानी झालंय. दीड तास झाला, मी वाटंकडं बघत बसलीया."

"नोंद केली होती का, मावशी?"

"केली की! नोंद झाली, गाडी निघाली, असं लिवून बी आलं. म्हनून तर गप बसले. न्हायतर कुनाला तरी हाक मारली असती, म्हादबाचा टेम्पो हुता की हितंच."

काय झालंय ते सिद्धाराम ओळखून चुकला. तरी त्यानं विचारलं, "मेसेज तुमच्याच फोनवरचा का?"

"माज्या फोनची मेमरी भरली हुती, मेसेज पुसून गेलं. मग भावाला म्हनलं, तुजा दे. कुंडलिक, माळशिरसकडं ऱ्हातो त्यो. त्येनं धाडला."

"वर नाव कुणाचं आलं होतं, मावशी?"

"भावाचंच की. त्येनं धाडलाय म्हनल्यावर त्येचंच नाव येनार!"

बरोबर आहे की. पत्र ज्याचं, खाली सही त्याची. तिच्या जागी कोणीही असंच समजलं असतं. त्याच वेळी आपल्या टेबलावरून मनाली ओरडली, "सर! माळशिरसची गाडी कुंडलिक म्हणून कुणाच्या तरी दारात उभी आहे. घरची माणसं म्हणतायत, आमची जनावरं ठणठणीत आहेत, आम्ही बोलावलंच नाही. काय झालं असेल?"

"गाय मोहोळला आहे," सिद्धाराम म्हणाला. "मोहोळची गाडी फिरव. लगेच."

मनालीनं 'तुम्हाला कसं कळलं' असंही विचारलं नाही. फिरवलीच. मोहोळची गाडी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला होती, पाऊण तास लागणार होता. मग तिनं डॉक्टरांना एका फोनवर धरलं आणि सिद्धारामच्या हातातला दुसरा फोन ओढून घेतला. डॉक्टर सांगतील ते ती गोजरबाईला सांगू लागली. गाईचं पुढचं अंग उंचावर घ्या, मावशी. तोंडात आडवी काठी बांधा. गोडेतेल आहे का घरात? पाजा, हळूहळू, ठसका लागू देऊ नका. ती गुडघ्यांवर बसून, डोळे मिटून बोलत होती, जणू गाय तिच्या समोर होती. सिद्धाराम भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. जे करायचं होतं ते चार आठवड्यांपूर्वी, एका वाक्यात करायचं होतं.

एक वाजायला पाच मिनिटं कमी असताना मनाली म्हणाली, "मावशी? मावशी, बोला ना." मग फोन खाली ठेवला आणि ओढणीनं तोंड पुसलं.

गाडी पोचली तेव्हा गाय जाऊन वीस मिनिटं झाली होती. गोजरबाईची ती एकुलती एक गाय होती.

तीन वाजता बाळासोनं दार लावून सगळ्यांना बसवलं. संस्थेच्या साहेबांचा फोन येऊन गेला होता, चढाच. बाळासोचं तोंड उतरलं होतं. सिद्धारामला हवं होतं ते सगळं जसंच्या तसं समोर मांडून ठेवल्यासारखं होतं, आणि त्याच्याकडं बघवत नव्हतं.

"हे झालं कसं?" बाळासो म्हणाला.

सिद्धाराम घाम पुसत बसला. आता मनाली वही काढणार. तारखेनिशी वाचून दाखवणार, की मी सरांना विचारलं होतं, सर म्हणाले हौस, सर म्हणाले काढून टाक. काढ बाई, वाच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. वही तिच्या मांडीवरच होती.

मनाली उठून उभी राहिली. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "लोक मेसेज एकमेकांना पाठवतात, हे मला कळायला हवं होतं. मी एकदाही गोठ्यात जाऊन बसले नाही. ती गाईच्या नावाची पायरी त्यासाठीच होती, हे आज दुपारी माझ्या लक्षात आलं. मी ती काढली. मी उद्या त्या मावशींकडं जाऊन येते."

वही उघडलीच नाही तिनं.

आणि तुम्हाला वाटेल, या क्षणी तरी सिद्धारामचं मन विरघळलं असेल. छे! त्याला आणखीच झोंबलं. कामात पुढं गेली ते गेली, आता चांगुलपणातही ही पोरगी त्याच्या पुढं? सेहेचाळीस वर्षं नेकीनं राहिलेला माणूस तो, आणि त्याला जे जमलं नाही ते हिनं उभ्या उभ्या करून दाखवलं. जळण्याची सुद्धा काही हद्द असते, पण सिद्धारामला त्या दिवशी ती सापडली नाही.

"सिद्ध्या," बाळासो त्याच्याकडं वळला. आवाज अगदी जुना, साखर पेठेतला. "तुझी गाय परत बसव बाबा. आजच्या आज. आणि धाराशिवचं कामही तूच बघ. जुनं ते सोनं, आपणच येडे."

शब्दाला शब्द तोच. त्यानं मनात घोकला होता तोच. सगळे त्याच्याकडं बघत होते आणि सिद्धारामनं नुसती मान हलवली. तीही हो म्हणून.

बाहेर जिन्यात मनालीनं त्याला गाठलं. डोळे लाल होते. "सर, वाईट वाटून घेऊ नका हं. तुम्ही विसरला असाल. आठ वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतंय? मीच नीट विचारायला हवं होतं."

विसरला असाल! बिचारीला खरंच तसं वाटत होतं. त्याला पळून जायला तिनं स्वतःच्या हातानं दार उघडून दिलं होतं, आणि तो "हां, विसरलो बघ" म्हणून त्या दारातून निघूनही गेला.

संध्याकाळपर्यंत पायरी परत बसली. सगळ्या शेतकऱ्यांना नव्यानं मेसेज गेले, प्रत्येकाला ज्याचा त्याचा. दुसऱ्या दिवशी मनाली मोहोळला जाऊन आली. बाळासो दुपारी एक वाजता डबा घेऊन सिद्धारामच्या टेबलाशी आला, चटणी बोटावर घेतली, "तोड न्हाय गड्या," म्हणाला. सिद्धारामनं सगळा डबा त्याच्याकडंच सरकवला. घरी महानंदानं रिकामा डबा पाहून समाधानानं मान डोलावली, आणि रात्री त्याचं पित्त दुप्पट खवळलं.

असे बारा दिवस गेले. मंगळवारी सकाळी अकराला मदतीचा फोन वाजला.

"हॅलो, गाईचा दवाखाना का? गोजरबाई बोलती मी. मोहोळपसनं."

सिद्धारामला आवाज लगेच ओळखू आला. "बोला मावशी. अण्णा बोलतोय."

"आवं अण्णा, भावानं कालवड आनून दिली मला. लई गुनाची हाय. तिची नोंद करावी म्हनून तुमच्या मेसेजात गेले, आता माजा सोताचा मेसेज आलाय बरं का. तर त्ये इचारतंय, तुमच्या गाईचं नाव काय. मी शेजारच्या पोरीकडनं लिवून घेतलं, शेवंती. त्ये म्हनतंय जुळत न्हाय. पुन्यांदा लिवलं. तरी न्हाय. शेवंतीच हाय की वो तिचं नाव, मीच ठिवलंय. मग जुळत कसं न्हाय?"

सिद्धारामनं डोळे मिटले. नाव बदलायची सोय त्यानं ठेवलीच नव्हती. मुद्दाम ठेवली नव्हती, नाहीतर मेसेज ज्याच्या हाती लागेल त्यानं नाव बदललं असतं. पहिल्या नोंदीला जे नाव दिलं तेच कायमचं. लई हुशारी केली होती तेव्हा.

"मावशी," तो म्हणाला, "तिथं जुन्या गाईचंच नाव लिहावं लागतं."

"मोगरीचं?"

"हां."



"ती तर पुरली की वो आमी," गोजरबाई म्हणाली. "मग आता शेवंतीसाठी गाडी बोलवायची म्हनलं तर दर येळेला मोगरीचं नाव लिवायचं का मी?"

सिद्धारामनं मान वर केली. दोन टेबलं सोडून मनालीनं कानावरचा हेडफोन काढला होता आणि 'कोण आहे' अशा अर्थानं भुवया उंचावल्या होत्या. तिच्यासमोर ती वही उघडी होती. पहिल्या पानावर तिनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'आधी गोठ्यात जाऊन बस.'

"नाही मावशी. ते मी आज बदलून देतो," तो म्हणाला. आणि मग थांबायचं होतं तिथं तो थांबला नाही. "मावशी, एक सांगायचंय. त्या दिवशी गाडी चुकीच्या दारात गेली ना, ती जाणार हे मला माहीत होतं."

"म्हंजे?"

"मेसेज दुसऱ्याला दिला की असं होतं, हे मला आठ वर्षांपासून माहीत होतं. ते होऊ नये म्हणूनच हा गाईच्या नावाचा प्रश्न घातला होता. इथल्या पोरीनं मला विचारलं, तो काढू का? मी म्हणालो, काढ. मुद्दाम म्हणालो. पुढं गडबड व्हायला लागलेली दिसली, तरी मी बोललो नाही."

"का बरं?" म्हातारीचा आवाज अजून रागाचा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

ऑफिसात सगळ्यांचे हात थांबले होते. आतल्या खोलीच्या दारात बाळासो येऊन उभा होता.

"जळत होतो मी तिच्यावर," तो म्हणाला. "ती माझ्यापेक्षा चांगलं काम करते, म्हणून."

फोनमध्ये कालवड हंबरली. बारीक आवाज होता, नवखा. गोजरबाईनं तिला काहीतरी चुचकारलं आणि मग फोन पुन्हा तोंडाशी धरला.

"आरं, जळलास तू पोरीवर," ती सावकाश म्हणाली, "आन गाय माजी गेली व्हय रं?"

तिनं फोन ठेवला नाही. ती उत्तराची वाट बघत होती. मनाली खुर्चीतून उठली होती आणि तीही त्याच्याकडं बघत होती.

"व्हय, मावशी," सिद्धाराम म्हणाला. दोन टेबलांपलीकडं नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला.